आकडा

हे एकतीस वर्षं प्रेसमध्ये होते, नाशिकरोडच्या.
तपासणीला.
नोटांचा अख्खा ताव समोर यायचा
आणि हे बघायचे – शाई कुठे फाकली,
नंबर कुठे तिरपा पडला,
कागदाला चुणी तर नाही.
चुणी म्हणजे बाद.
घरी येऊन पोळीसुद्धा
उजेडाकडे धरून बघायचे.

आता त्यांनाच विचारतात,
शून्य ते दहा, काका, किती दुखतंय?

पहिल्या दिवशी चिडले.
म्हणाले, मध्यरात्री पाठीत जे सुरू होतं
त्याला काय सिरीयल नंबर असतो?
एस्तेर सिस्टर हसल्या. शरणपूरच्या त्या,
मंगळवारी आणि शुक्रवारी येतात,
स्कूटरच्या डिकीत औषधं, हातमोजे आणि स्वतःचा डबा.
म्हणाल्या, आकडा नसेल तर नका देऊ,
कसं दुखतं ते सांगा.
हे बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, भोंग्यासारखं.
पाळी संपल्याचा वाजतो ना, तसा.
वाजतच राहतो. सुटी होत नाही.
सिस्टरनी वहीत लिहिलं, आठ.

त्याआधी मोठ्या हॉस्पिटलात फाईल मिटली होती.
आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या.
सिन्नरचे भाऊजी मुंबईचं नाव काढून गेले,
जाऊबाई काढ्याची बाटली ठेवून गेल्या,
आणि मी बसून राहिले
जणू ती फाईल माझीच होती.
या बाई आल्या त्या थेट
शी शेवटची कधी झाली, विचारत.
करण्यासारखं केवढं होतं!
कूस दर दोन तासांनी बदलायची,
गुडघ्यांच्या मध्ये उशी,
तोंड कोरडं पडलं की कापसाचा बोळा.
चादर मात्र ताणून. एकही चुणी नको, काकू,
पाठीला जखम होते.
हे डोळे मिटूनच म्हणाले,
ऐक, मी हेच सांगत होतो एकतीस वर्षं.

मॉर्फिनच्या गोळ्या आल्या तेव्हा
शेजारच्या पगारेबाई कुजबुजल्या, सवय लागते म्हणे.
ह्यांचे कान अजून तिखट.
लागू दे की, म्हणाले,
चांगली सवय लागायला आयुष्य गेलं.

फेब्रुवारीत दारावर द्राक्षं आली.
गिळवत नव्हतं, पण वास कळत होता.
मी चार मणी बर्फात गार केले,
एकेक ओठांवरून फिरवला.
गोड आहेत, म्हणाले. मग, यंदा साल जाड आहे.
दोष काढल्याशिवाय चैन नाही.

त्या शुक्रवारी सिस्टरनी वही मिटता मिटता विचारलं,
आणि तुमचं किती, काकू?

माझं काय?
माझं कोण मोजतं?
गॅसवर दूध होतं, मी तिकडे बघितलं.
शून्य, म्हणाले.
आतून, खाटेवरून, आवाज आला.
पूर्वीचा. तपासणीचा.
बाद.
परत छापा.

दूध उतू गेलं. जाऊ दिलं.
ओट्याला टेकून मी किती वेळ रडले माहीत नाही,
सिस्टर पुसत होत्या गॅस,
काही बोलल्या नाहीत,
देवाचं नाही, धीराचंही नाही.
नंतर फक्त वहीत एक उभी रेघ ओढली
आणि शेजारी दुसरा रकाना केला.

तेव्हापासून झोपायच्या आधी आम्ही दोघं
एकमेकांना आकडे सांगतो.
कधीकधी हे माझा वाढवतात, मी त्यांचा.
एकदा घासाघीसही झाली, भाजीवाल्याशी करावी तशी.

आज त्यांचे तीन. माझे सहा.
साडेअकराला धनंजय येईल अंबडहून, सेकंड शिफ्ट करून.
येतो, पाय धुतो, बापाकडे न बघता
मोबाईल घेऊन गॅलरीत जातो.
वहीत जागा आहे अजून.
आज त्याला विचारीन.